राजीनाम्याचा तास

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. सत्त्याऐंशीचा एप्रिल. लातूरला त्या उन्हाळ्यात पाचव्या दिवशी नळ यायचा आणि तासाभरात जायचा. मी शनिवारी संध्याकाळी नांदेडहून एसटीनं आले होते. रविवारी सकाळी जाग आली तेव्हा अण्णांनी चार घागरी भरून ओट्यावर लावल्या होत्या आणि पाचवी नळाखाली धरून ते इंग्लंडच्या ॲटलीबद्दल बोलत होते.

"पंचेचाळीसची निवडणूक. लढाई जिंकलेला चर्चिल एकीकडं. आणि ॲटली कशातनं फिरायलाय? घरच्या लहान गाडीतनं. चालवतंय कोण?"

"बायको," मी म्हणाले. हे मी लहानपणापासून ऐकत होते.

"बायको! इथं पोरं हसतात. हसू द्यायचं. जरा थांबायचं. मग सांगायचं, की तोच निवडून आला."

"अण्णा, घागर वाहायलीय."

त्यांनी घागर काढली, कळशी लावली. बनियनवर पाणी उडालं होतं. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बाबासाहेबांच्या जयंतीच्या आठवड्यात नांदेडच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं आणि त्याची तालीम चालली होती. ऐकायला मी एकटीच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, भावंडं नाहीत, लग्न मी केलं नाही.

प्रा. दगडोबा आदमाने. लातूरच्या एका कॉलेजात त्यांनी बावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ब्रिटनची राज्यव्यवस्था हा पेपर त्यांचा. इंग्लंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण वर्षातून एकदा ते असा एक तास घेत, की विज्ञान शाखेची पोरंही व्हरांड्यात येऊन उभी राहत. पोरांनीच त्याला राजीनाम्याचा तास असं नाव दिलं होतं.

त्यात तीन माणसं येत. सत्तेचाळीसचा अर्थमंत्री डाल्टन. अंदाजपत्रक मांडायला सभागृहात जाता जाता ओळखीच्या पत्रकाराशी दोन वाक्यं बोलला, ती आधीच छापून आली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पद सोडलं. दुसरा बेव्हन. त्यानं अख्ख्या देशाला फुकट दवाखाना दिला, आणि एक्कावन्न साली त्याच्याच पक्षाच्या सरकारनं चष्म्याला आणि कवळीला पैसे लावले म्हणून तो निघून गेला. "चष्म्यापायी!" असं म्हणून अण्णा स्वतःचा चष्मा काढून वर धरत. आणि शेवटी चोपन्नचा शेतीमंत्री डगडेल. पोरं अण्णांच्या माघारी त्यांनाच डगडेल सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

"समजा तुमचं वावर आहे. सातशे पंचवीस एकर," ते सांगत. "लढाईच्या आधी सरकारनं घेतलं. कशाला? विमानातनं बॉम्ब टाकायची तालीम करायला. चर्चिलनं भर सभागृहात शब्द दिला, गरज संपली की ज्याचं त्याला परत. लढाई संपली. दिलं परत? या खात्यानं त्या खात्याला दिलं. कारकुनांनी कागद फिरवले आणि घरच्या माणसाला म्हणाले, तू कोण? तो भांडला. चौकशी बसली. चुकलं कोण? कारकून. आणि सभागृहात उभं कोण राहिलं? मंत्री. म्हणाला, माझ्या खात्यात झालं, म्हणजे मी केलं. एका कारकुनाचं नाव घेतलं नाही. टोपी उचलली आणि गेला."

वर्गात निलंगा, औसा, देवणी इकडची पोरं. वावर गेलेलं त्यांना कळत होतं. मंत्री गेलेला त्यांना कितपत खरा वाटत असेल, कोण जाणे.

त्या रविवारी माझ्या पिशवीत एक इंग्रजी त्रैमासिक होतं. मी नांदेडला अण्णांच्याच शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. असे अंक आधी माझ्या हातात येतात. ब्रिटनमध्ये सरकारी कागद तीस वर्षांनी खुले होतात. चोपन्नचे झाले होते आणि कुणा अभ्यासकानं ते वाचून लिहिलं होतं. डगडेलला बहुतेक सगळं आधीपासून माहीत होतं, कारकुनांनी जे केलं त्याला त्याची संमती होती, आणि तो गेला तो तत्त्वासाठी कमी, त्याच्याच पक्षाचे खासदार उलटले म्हणून जास्त, असं त्या लेखाचं म्हणणं. पुढं पाच वर्षांनी त्याला लॉर्ड केलं, हेही होतं. अण्णा ते तासाला कधी सांगत नसत.

अंक त्यांना दाखवायलाच आणला होता. पिशवी दिवसभर खुंटीला राहिली.

जेवताना ते म्हणाले, "जयंतीला गावी जाऊन यावं म्हणतो."

"या की."

"कस्तुराचे गुडघे धरलेत म्हणे. ग्यानोबा सांगत होता."

मी त्यांच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला. कस्तुराबाई म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. चार वर्षांत ती आमच्या घरी आली नव्हती.

दुपारी ते मला स्टँडवर सोडायला आले. खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "तास कसा वाटला?"

"चांगला. शेवट जरा लांबतोय."

"डगडेलला वेळ द्यावा लागतो," ते म्हणाले, आणि गाडी सुटली.

सोमवारी सकाळी अकराला शेजाऱ्यांचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. अण्णा जिन्यात बसले होते, ते उठलेच नाहीत.

गावाकडून अंत्ययात्रेला ग्यानोबा एकटा आला. वस्तीतला वयस्क माणूस, आमच्या नात्यात नाही, विहाराची झाडलोट आणि दिवाबत्ती तोच बघतो. मी त्याला विचारलं, "आत्या?"

तो चपला काढत होता. चपलांकडं बघतच म्हणाला, "सांगितलं माय तिला. आइकलं तिनं."

*

आता त्र्याऐंशीचं सांगते.

आदल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला लातूर वेगळा जिल्हा झाला. एका दाखल्यासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालणारी माणसं खूश होती. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, जिकडं तिकडं बांधकामं निघाली. त्या वर्षी पाऊस मात्र गेला. फेब्रुवारीत विहिरींचे तळ दिसले. मग टंचाईसाठी गावोगावच्या समित्या झाल्या. आमच्या गावाकडच्या पंधरा-वीस गावांची जी समिती झाली तिचे अध्यक्ष म्हणून अण्णांचं नाव पुढं आलं. कुठल्या पक्षात नाहीत, कुणाच्या देण्याघेण्यात नाहीत, म्हणून. सचिव होते वीरभद्रअप्पा.

वीरभद्रअप्पा आमच्या संस्थेचेही सचिव होते, आणि त्याआधी अण्णांच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. राजीनाम्याचा तास त्यांनी बाकावर बसून ऐकला होता. अण्णांना त्यांचा अभिमान होता.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या पुढं चार कोसांवर. गावाची विहीर वेगळी. आमच्या बौद्ध वस्तीत सिमेंटचा हौद, त्यात दिवसाआड टँकर ओतायचा, असं ठरलं होतं. समितीची एक वही होती. कोणत्या हौदावर कधी टँकर आला, ती दर सोमवारी लातूरला अण्णांपुढं यायची, ते ओळ न ओळ वाचायचे आणि खाली सही करायचे. मे महिन्यात त्यांच्याकडं विद्यापीठाचे पेपर तपासायला होते. नऊ दिवस ते गावाकडं गेले नाहीत.

त्यातल्या सहाव्या दिवशी, सोमवारी, ग्यानोबा आला. मी तेव्हा सुट्टीवर घरी होते. त्यानं दारातूनच सांगितलं, "सर, टँकर न्हाई."

अण्णांनी त्याला बसवलं, मला चहा ठेवायला सांगितला आणि वही काढली. बोटानं ओळ दाखवत म्हणाले, "आलेला दिसतोय की, ग्यानोबा. बुधवारी आलाय, शुक्रवारी आलाय."

"वहीत आला आसंल, सर. हौदात न्हाई आला."

"मी सचिवांना विचारतो," अण्णा म्हणाले. त्यांनी तेव्हाच एक पत्र लिहिलं, जावक क्रमांक घातला, आणि ते ग्यानोबाच्याच हाती वीरभद्रअप्पांच्या ऑफिसात पाठवलं. ग्यानोबानं चहा घेतला नाही.

वस्तीतल्या बायका तोवर जुन्या बारवेत उतरू लागल्या होत्या. तळाला हिरवं, गुडघाभर पाणी होतं. दहाव्या दिवशी वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शिरूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत दोघं वाटेतच गेले. एकूण पाच. चौथी धुरपता, माझ्या आत्याची सून. बावीस वर्षांची. तिच्या लग्नात तिची वेणी मी घातली होती.

टँकर कुठं होता ते अण्णांना ड्रायव्हर शरणप्पानं सांगितलं. बांधावर बसून रडत त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढून दिली. संस्थेचं मुलींचं वसतिगृह लातूरला बांधलं जात होतं, नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवशी त्याचं उद्घाटन ठरलं होतं. स्लॅब नुकताच पडला होता. भर मे महिन्यात स्लॅबला पाणी लागतं. चिठ्ठीत चारच ओळी होत्या: पुढील सूचनेपर्यंत टँकर वसतिगृहाच्या कामावर द्यावा, हौदाच्या नोंदी वहीत नेहमीप्रमाणे ठेवाव्यात. खाली वीरभद्रअप्पांची सही. अण्णांनी ती दोनदा वाचली आणि माझ्या हातात दिली. मीही दोनदा वाचली.

दोन दिवसांनी सकाळी आठला वीरभद्रअप्पा आमच्या घरी आले. जीप गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आले, दारात वाकून अण्णांच्या पायांना हात लावला.

"जय भीम, सर. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायलीय."

"बसा," अण्णा म्हणाले. चिठ्ठी टेबलावर होती.

"माझीच आहे. नाही म्हणत नाही. मला वाटलं दोन दिवसांचं काम. इंजिनिअर म्हणाला अजून दोन, मग अजून दोन. हौदात साठा असंल असं वाटलं." त्यांनी रुमालानं मान पुसली. "सर, वर उत्तर द्यायचंय. आज ना उद्या विचारणार. म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्ही सांगाल तसं."

"खरं आहे तसं लिहा."

"लिहितो की. पण सर," ते थांबले, आणि जवळजवळ विद्यार्थ्याच्या आवाजात म्हणाले, "तुम्हीच शिकवलंय. खात्यात झालं म्हणजे मंत्र्यानं केलं. कारकुनाचं नाव घ्यायचं नसतं. समितीचा अध्यक्ष कोण आहे?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"अध्यक्ष मी आहे," अण्णा म्हणाले.

"तेच म्हणतो. तुम्ही जबाबदारी घेतली तर जिल्ह्यात नवा पायंडा पडेल. लोक म्हणतील, हा माणूस वेगळा. आणि मग चौकशी होईलच. रीतसर."

"चौकशी व्हायलाच पाहिजे."

"होणारच. ही चिठ्ठी फायलीला लावतो, सर. चौकशीत लागेल."

अण्णांनी चिठ्ठी उचलली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं ते माझ्याकडं बघतील. त्यांनी ती सरळ घडी करून वीरभद्रअप्पांच्या हातात दिली. कागद फायलीचा असतो, माणसाचा नसतो, असं ते नेहमी म्हणत.

जाताना वीरभद्रअप्पा माझ्यापाशी थांबले. "ताई, नांदेडला तुमचं अजून टेंपररीच आहे ना? तिसरं वर्ष. पुढच्या मीटिंगला विषय घेतो."

अण्णा म्हणाले, "तो वेगळा विषय आहे."

"वेगळाच आहे, सर. मी कुठं काय म्हणतोय?"

राजीनामा मी लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून महत्त्वाचे कागद अण्णा मला सांगत. त्यांनी खुर्चीत ताठ बसून मजकूर सांगितला. समितीच्या यंत्रणेकडून घडलेल्या गंभीर कसुरीची संपूर्ण जबाबदारी अध्यक्ष या नात्याने मी स्वीकारीत आहे. मी विचारलं, "यंत्रणा म्हणजे कोण, तेवढं तरी?"

"नाव घ्यायचं नसतं, तारा. आपण बाजूला झालो की चर्चा होते. चर्चा झाली की कागद बोलतात."

"कुठं होते चर्चा?"

त्यांनी चष्मा पुसला. "लिही. आपला विश्वासू."

चर्चा झाली नाही. चौकशी बसली नाही. जिल्ह्याच्या एका साप्ताहिकात पहिल्या पानावर आलं, 'पाणीप्रकरणी प्राध्यापक आदमाने पायउतार'. फोटोही होता, कॉलेजच्या गॅदरिंगचा, अण्णा हसताना. वस्तीतल्या वाचता येणाऱ्या पोरींनी ती बातमी बाकीच्यांना वाचून दाखवली. त्या दिवसापासून दगडूनं पाणी इकलं, हे सगळ्यांना कळलं. कुणी म्हणालं बांधकामाला इकलं, कुणी म्हणालं हॉटेलवाल्याला. पुरावा एकच होता. ग्यानोबानं तो मला पुढं एकदा जसाच्या तसा सांगितला. "माय, लोकं म्हणतेत, खाल्लं नसतं तर खुर्ची सोडली कशाला? आपल्याकडं कुणी सोडतंय का?"

अण्णांनी बावीस वर्षं जे शिकवलं ते सगळं त्या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला होतं. लंडनमध्ये माणूस पद सोडतो तेव्हा लोक त्याच्या कपाळाकडं बघत असतील. आमच्याकडं खिशाकडं बघतात.

धुरपता गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अण्णा गेले. मी बरोबर होते. आत्यानं त्यांना दारातच थांबवलं, आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. त्या महिन्यात वस्तीत भरलेला तांब्या कुणी कुणाला देत नव्हतं.

"पी दगडू," ती म्हणाली. "पी. मी पैसं न्हाई घेत."

अण्णांनी तांब्या घेतला. उभ्यानं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, तांब्या तिच्या हातात परत दिला आणि वळले. तेव्हा एका वाक्याचं काम होतं. ते माझ्याजवळ होतं. मी अण्णांच्या मागोमाग स्टँडकडं चालू लागले.

ऑगस्टच्या एक तारखेला मला कायम केल्याचा आदेश मिळाला. खाली तीच सही. अण्णांनी तो वाचला आणि म्हणाले, "छान झालं." मग पेपर उघडला. त्यांनी चिठ्ठी दिली ती तत्त्वाखातर, की माझ्याखातर, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी कुठलंही उत्तर दिलं असतं तरी ते मला पेललं नसतं. नंतर तो लेख वाचला तेव्हा कळलं, की डगडेलबद्दलही हा प्रश्न तीस वर्षं कुणी विचारला नव्हता.

*

अण्णांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम लातूरला ठेवा, असं सगळे म्हणाले. मी गावी ठेवायचं ठरवलं. ग्यानोबा म्हणाला, "विहारात घ्या की. मना कोण करतंय? पण येतीलच असं न्हाई."

आले. नाही आले तर नावं ठेवतील म्हणून आले असतील. पन्नास-साठ माणसं, बायका एका बाजूला. बाहेर मंडपाचं कापड, कडुलिंबाला भोंगा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींजवळ अण्णांचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, त्रिशरण पंचशील झालं. आत्याचं घर विहाराच्या समोरच. ती आली नाही. उंबऱ्यावर बसली होती, पाय लांब करून, पदर तोंडाशी. मंडपातून तिचे गुडघे दिसत होते.

मी तिच्याकडं आधीच जाऊन आले होते. सकाळी.

"आत्या, चल."

"गुडघे उचलत न्हाईत, माय."

"मी धरते."

"तारा," ती म्हणाली, "तू त्याची लेक हायस. तू रड. मला माझी सून रडू दे."

"आत्या, अण्णांनी..."

"त्याचं नगो काढू. त्याला मी कडेवर खेळवलाय. त्याचा राग न्हाई यायला मला, लाज यायलीय." आणि तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं. "जा. तुला काय ठावं हाय त्यातलं? लेकराला कोण सांगतंय?"

तिचे तळवे खरखरीत होते. मी तिथून उठून आले. ती मला निर्दोष समजत होती, आणि त्या क्षणीही मला ते बरं वाटलं, हे लिहिताना मी लपवत नाही.

अकराच्या सुमाराला जीप आली. वीरभद्रअप्पा आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. पांढरा हार, पांढरे कपडे. पंचक्रोशीतली दहा-बारा माणसं बरोबर. लोक सरकले, त्यांच्यासाठी खुर्ची आली. हार घालून ते फोटोपुढं डोळे मिटून उभे राहिले, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मग त्यांनी माईक घेतला.

"आदमाने सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. आम्हाला त्यांनी विलायतेची लोकशाही शिकवली. नुसती शिकवली नाही, जगून दाखवली. त्र्याऐंशी साली या वस्तीत जी दुर्दैवी घटना घडली..." त्यांनी आवाज खाली आणला. "ती कुणाच्या हातची नव्हती. निसर्गाचा कोप. तरी सर म्हणाले, जबाबदारी माझी. चूक माझी. एवढ्या मोठ्या मनानं चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नाही. आपण सगळ्यांनी सरांना आज मोठ्या मनानं माफ..."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी बोललं, "कबूल केलं म्हनं, बघ." दुसरी म्हणाली, "मंग? आपुन काय येगळं म्हणत होताव?"

भोंग्यातून ते सगळं समोरच्या उंबऱ्यापर्यंत गेलं होतं. आत्यानं पाय आखडून घेतले होते. ती भिंतीला धरून उठत होती, आत जायला.

ग्यानोबा माझ्याजवळ वाकला. "दोन शब्द बोला, माय. आलेल्यांचे आभार माना, जेवायला बसा म्हणा."

मी उठले. वीरभद्रअप्पांनी स्वतः माईक माझ्या हातात दिला, खांद्यावर हलकेच थोपटलं. "बोला ताई. धीर धरा."

मी आयुष्यात माईकवर बोलले नव्हते. ग्रंथालयात आम्ही लोकांना गप्प राहायला सांगतो.

"आत्या, आत जाऊ नको," मी म्हणाले. भोंग्यातून तो आवाज माझाच वाटला नाही. "हे तुलाच सांगायचं आहे."

ती भिंतीला धरून थांबली.

"टँकर नऊ दिवस आपल्या हौदावर आला नाही. तो लातूरला मुलींच्या वसतिगृहाच्या स्लॅबवर जात होता. तो तिकडं न्यायची चिठ्ठी वीरभद्रअप्पांनी लिहिली. वहीत खोटं लिहायलाही त्यांनीच सांगितलं. ती चिठ्ठी मी वाचली आहे."

"ताई, भावनेच्या भरात..." वीरभद्रअप्पा पुढं आले आणि त्यांचा एक माणूस ॲम्प्लिफायरकडं गेला. तिथं ग्यानोबा आधीच जाऊन बसला होता.

"सरकू नगा," तो म्हणाला. "पोरीचं सरू द्या. मीबी तवा चहा न पिता आलो व्हतो."

मी पुढं बोलले. घाई केली नाही. "अण्णांनी पाणी विकलं नाही. त्यांनी वहीवर विश्वास ठेवला आणि ग्यानोबामामांवर ठेवला नाही, ही त्यांची चूक. ती मोठी आहे. माफ करा, नका करू. पण चोरी त्यांची नव्हती. त्यांनी नाव घेतलं नाही, कारण नाव घ्यायचं नसतं असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. माझी नोकरी टेंपररी होती, दोन महिन्यांनी कायम झाली, म्हणून मी गप्प बसले. आत्या, तू आज सकाळी म्हणालीस, लेकराला काय ठाऊक. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. तू अण्णांना तांब्या दिलास तेव्हा मी तुझ्यासमोर उभी होते. धुरपता कशानं मेली, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं."